चुकलेला बार आणि शर्टाची कापलेली कड

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या) आधीच्या शुक्रवारी आमच्या कारखान्यात मीटिंग ठेवायची नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मला पहिल्याच वर्षी कळला होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसं नारिंगी कपडे घालून रानात जाऊन बसतात. शुक्रवारी दुपारीच पार्किंग रिकामं होतं. मागे उरायचो मी आणि दोन तमिळ पोरं. मशीनची कॉफी पीत तिघं बसून राहायचो. नऊ वर्षं हे असंच चाललं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "यंदा कॅम्पला चल की. हरीण नाही मारलंस तरी चालेल, भांडी घासायला माणूस हवाच आहे." आपल्याकडे 'या एकदा जेवायला' म्हणतात तसं तोंडदेखलं असेल, असं समजून मी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला हंटर एज्युकेशनच्या कोर्सची लिंक पाठवली.

तेव्हा मी शोधलं होतं, पण आपल्यातल्या कुणी यावर सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हे सगळं, अगदी डॉलर-सेंटांसकट.

आधी घरचं सांगतो. बायको म्हणाली, "जा, पण डोकं-बिकं भिंतीला लावायला आणू नकोस." आई कुडाळजवळच्या गावी असते. ती फोनवर म्हणाली, "हरणाक मारूक जातंस? बायलेन सोन्याचा हरण मागल्यान की काय?" खरं तर आईला बोलायला जागा नव्हती. तिच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधी गावाची रानडुकराची पारध निघायची, त्याच्या गोष्टी आजोबांनी मला किती वेळा सांगितल्या असतील त्याची गणती नाही. कोण माचाणावर बसलं, कोणी हाका घातला, डुक्कर कुठून फुटलं. पण गोष्ट संपायची ती नेहमी वाट्यांवर. हाकाऱ्याचा वाटा, बंदुकीचा वाटा, कुत्र्याचाही वाटा. ज्याचा बार चुकला त्यालासुद्धा वाटा. मी १९८४ चा. मी यातलं काही पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय.

आता कागदपत्रं. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये हा कोर्स केल्याशिवाय शिकारीचं लायसन मिळत नाही. (कोर्स न करता अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर बसून शिकार करता येते, तशी सोय आहे. पण मला ते लहान मुलाला सायकलवर पुढे बसवल्यासारखं वाटलं.) कोर्सला नाव घालण्याआधी राज्याच्या 'गो वाइल्ड' या साइटवर खातं उघडून ग्राहक क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, ड्रायव्हिंग लायसन हाताशी ठेवा. राज्यात ३० दिवस राहिलेलं असलं की रहिवासी दर लागतो. तो फार महत्त्वाचा, कारण बाहेरच्यांचा दर कितीतरी पट आहे.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे मला अडचण आली नाही. एच-वन-बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, वैध शिकारीचं लायसन हा त्यातला एक. पण मित्राने "काही होत नाही रे" म्हटलं म्हणून बंदुकीला हात लावू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. त्याची फी तुमच्या बुटांपेक्षा जास्त होईल, तरी विचारा.

मे महिन्यात बघितलं तर जवळचा वर्ग भरलेला. जूनमध्ये परत बघितलं, तोही भरलेला. शेवटी ऑगस्टमधला एक मिळाला, घरापासून चाळीस मिनिटांवर. फी १० डॉलर. अठरा वर्षांवरच्यांना सगळा कोर्स ऑनलाइन करता येतो, त्याला पैसे थोडे जास्त पडतात, पण पहिल्यांदाच बंदूक हातात घेणाऱ्याने वर्गातच जावं असं मी म्हणेन.

वर्ग म्हणजे एका शूटिंग क्लबचा हॉल. सतरा विद्यार्थी, त्यातले चौदा अकरा-बारा वर्षांचे. माझ्या शेजारी दातांना तारा लावलेली एक मुलगी बसली होती. तिने मला पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "तू कुणाचा बाबा?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही, मी पण शिकायला आलोय." तिने मला आपलं खोडरबर दिलं. पुढे बंदूक हातात घेऊन कुंपण कसं ओलांडायचं याच्या प्रात्यक्षिकात माझ्या नळीचं तोंड एकदा शिक्षकाच्या गुडघ्याकडे गेलं. बंदूक लाकडी होती, तरी सगळा वर्ग "मझल!" असं ओरडला. तिचा आवाज सगळ्यात मोठा.

चार नियम पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची, काय मारतोय आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करायची, झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवायचं. झाडावरच्या बैठकीचाही एक पूर्ण तास होता. शरीराला पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही आणि बंदूक खांद्याला लावून तर नाहीच. ती रिकामी करून खाली ठेवायची, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायची. लेखी परीक्षेत माझे दोन चुकले. तारावालीचा एकच.

सप्टेंबरअखेर लायसन घेतलं. एरवी बंदुकीच्या हरणाचं लायसन रहिवाशाला २४ डॉलरला पडतं, पहिल्यांदा घेणाऱ्याला फक्त ५. मी खूश झालो आणि त्याच खुशीत घोळ घातला. लायसनसोबत एका नराची परवानगी मिळते आणि शेतजमिनीच्या पट्ट्यात बिनशिंगांच्या हरणांच्या, म्हणजे मुख्यतः माद्यांच्या, परवानग्याही मिळतात. या दुसऱ्या प्रकारात काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडावी लागते आणि जमीन सरकारी की खासगी तेही सांगावं लागतं. मी काउंटी बरोबर टाकली, रिचलंड. जमीन मात्र टाकली सरकारी. कॅम्प आहे खासगी जमिनीवर. हे लक्षात आलं ऑक्टोबरमध्ये, तेही सहकाऱ्याने बघितलं म्हणून. १२ डॉलर भरून वेगळी परवानगी घेतली. तेव्हा 'सबमिट' दाबण्याआधी जमीन कुणाची आहे ते कॅम्पवाल्यांना फोन करून विचारा.

रायफल उसनी मिळाली, सहकाऱ्याच्या सासऱ्यांची. कॅम्पही त्यांचाच. मी त्यांना लेखात सासरेबुवा म्हणतो, मनातल्या मनात तिथेही तेच म्हणत होतो. वय ७८. .२४३ कॅलिबरची जुनी रायफल, धक्का कमी देते म्हणून नवख्याला तीच. ऑक्टोबरमध्ये दोन रविवार रेंजवर गेलो. गोळ्यांच्या दोन पेट्या आणि रेंजची फी मिळून ९० डॉलर गेले. टेबलावर टेकवून शंभर यार्डांवरच्या कागदावर माझ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडायला लागल्या आणि मला वाटलं, जमलं. सासरेबुवा म्हणाले, "कागद श्वास घेत नाही."

कपड्यांवर मी कंजूषपणा केला, तो नडला. कंबरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा तरी भाग भडक नारिंगी लागतो, टोपीचाही. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. वरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट आणि टोपी ३५ डॉलरमध्ये झाली. बुटांसाठी मात्र घरातलेच चालवले. सांगतो पुढे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. दुपारी निघालो, मॅडिसनहून दीड तास. विस्कॉन्सिनचा हा नैर्ऋत्य भाग सपाट नाही. हिमनद्या इथे पोचल्याच नाहीत, म्हणून उंच कडा आणि अरुंद दऱ्या तशाच राहिल्या. वळणावळणाचा रस्ता, खाली ओढा, वर ओकची झाडं. पानं गळलेली नसती तर आंबोलीच्या वाटेवर आहे असं वाटलं असतं.

कॅम्प म्हणजे जुनं शेतघर. एक मोठी खोली, लाकडाची शेगडी, भिंतीला दुमजली खाटा, उंदरांचा आणि ओल्या लोकरीचा वास. माणसं नऊ. भिंतीवर शिंगं होतीच, पण माझं लक्ष गेलं पिवळट पडलेल्या कागदी नंबरांच्या माळांकडे. २०१६ पर्यंत प्रत्येक शिकाऱ्याला पाठीवर नंबर लावून फिरावं लागायचं. ते बंद झालं, पण कॅम्पांनी जुने नंबर जपून ठेवलेत. त्यांच्या शेजारी खिळ्यांनी ठोकलेली कापडाची चिरगुटं. चौकड्याची, खाकी, एक तर पायजम्याच्या कापडाचं. "ते काय?" मी विचारलं. सगळे नुसते हसले.

नवीन माणसाने चारही दिवस भांडी घासायची, हे पक्कं. ओढ्यावरून पाणी आणायचं नव्हतं, पंप होता, पण गरम पाणी शेगडीवरच. पहिल्या रात्री बीन्स आणि खिम्याचं चिली, त्याचं पातेलं आमच्या गावच्या समाराधनेच्या तोडीचं. जेवणानंतर बाटली निघाली, विस्कॉन्सिनची लाडकी ब्रँडी. त्याआधी सासरेबुवांनी सगळ्या रायफली रिकाम्या आहेत ना ते स्वतः पाहिलं, कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात टाकली. बाटली उघडली की कपाट बंद, यावर वादच नाही.

मग पत्ते. खेळाचं नाव शीपशेड, जर्मन लोकांनी इथे आणलेला. बत्तीस पानं. सगळ्या राण्या, सगळे गुलाम आणि सगळी चौकट हुकूम. त्यातही सगळ्यात मोठी किल्वरची राणी. राजा बिचारा कुठेतरी खाली. त्यांना वाटलं मला समजायला रात्र लागेल. पण ज्याने लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तीनशेचार खेळण्यात घालवल्या, गुलाम आणि नव्वीला डोक्यावर बसवलं, त्याला राणी मोठी मानायला कितीसा वेळ? दुसऱ्या डावात मी सासरेबुवांचा एक्का मारला. तिथपर्यंत मी पाहुणा होतो. त्यानंतर मला नावाने हाका मारायला लागले, चुकीच्या उच्चाराने का होईना.

झोपण्याआधी कॅम्पची वही चाळली. दरवर्षीचं एक पान, हवा, जेवण, किती हरणं, कोण घोरलं. २००२ चं पान सगळ्यात छोटं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनच्या हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग पहिल्यांदा सापडला, इथून फार लांब नाही. मेंदूला लागतो, हरीण झिजून मरतं. बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, त्यामुळे मांस शिजवलं तरी जात नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नका असंच सरकारी सांगणं आहे. वहीत होतं, चारच जण आले, काळीज कुणी खाल्लं नाही. त्याआधीच्या प्रत्येक वर्षी पहिल्या रात्रीच्या जेवणात 'काळीज आणि कांदा' लिहिलेलं आहे. त्यानंतर एकदाही नाही.

शनिवारी पहाटे चारला अंडी, बेकन, कॉफी. कुणी फारसं बोलत नव्हतं. साडेपाचला मला एका ओकच्या झाडाशी नेऊन सोडलं. पंधरा फुटांवर लोखंडी बैठक. पट्टा बांधला, चढलो, रायफल दोरीने ओढली. सूर्योदयाआधी अर्धा तास बार काढायला परवानगी असते, म्हणजे साडेसहानंतर. तोवर नुसता काळोख. आजोबा माचाणाबद्दल सांगताना डासांबद्दल बोलायचे. इथे डासांच्या जागी पाय होते. घरातल्या बुटांत सात वाजेपर्यंत माझी बोटं आहेत की गेली, ते हात लावून बघावं लागलं. दीडशे डॉलरचे जाड बूट मी नंतर घेतले. तुम्ही आधी घ्या.

उजेड व्हायला लागला तसे दऱ्यांतून बार ऐकू यायला लागले, लांबून, एखाद्याने दार आपटावं तसे. खारी पानांत इतका आवाज करतात की प्रत्येक वेळी हरीण आलं असं वाटतं. आणि खरं हरीण आलं तेव्हा काहीच आवाज झाला नाही. सव्वासातला समोरच्या उतारावर एक मादी उभी होती. कधी आली कळलंच नाही. साठ यार्ड असेल. कान माझ्याकडे, नाकातून वाफ. मी रायफल उचलली. दुर्बिणीतून बघितलं तर काच माझ्याच श्वासाने धुरकटलेली. पुसली. ती अजून तिथेच. छातीत इतकं धडधडत होतं की काचेतलं सगळं चित्र त्या ठोक्यावर उडत होतं. मागे उतार होता, म्हणजे पलीकडे कुणी नव्हतं, एवढं मी बघितलं. मग चाप हळू दाबायच्या ऐवजी खेचला.

मादीने शेपटी वर केली, पांढरा झेंडा दाखवल्यासारखी, आणि दोन उड्यांत दिसेनाशी झाली.

बार काढला की शोध घ्यायचा, हरीण पळालेलं दिसलं तरी. दहाला सासरेबुवा आले. ती उभी होती तिथपासून आम्ही दोन तास गुडघ्यावर बसून पानं उलटली. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. शेवटी त्यांना एका ओकच्या खोडात ताजं भोक दिसलं, तिच्या पाठीच्या वर हातभर. त्यांनी त्यात करंगळी घातली आणि म्हणाले, "झाड मेलंय." मला खरं तर हायसं वाटलं. जखमी होऊन कुठे पडली असती तर मी परत शिकारीला बसलो नसतो.

दुपारी सहकाऱ्याच्या मेहुण्याने एक आठ टोकांच्या शिंगांचा नर मारला, आणि दोघांनी एकेक मादी. नराचं पोट फाडताना मागचे पाय मी धरले. सुरी आत फार जाऊ द्यायची नाही, नाहीतर कोथळा फुटतो. दोन बोटांच्या मध्ये पातं धरून वर-वर कापत नेलं. आतून वाफेचा लोट आला, लोखंडाचा आणि ओल्या गवताचा वास. "हात घाल, सगळं खाली ओढ," मेहुणा म्हणाला. कोपरापर्यंत हात आत गेला. सकाळपासून पहिल्यांदा बोटांना ऊब लागली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा तो हात बाहेर काढावासा वाटला नव्हता.

हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून किंवा ऑनलाइन करावी लागते. दरीत सिग्नल नाही, म्हणून कड्यावर चढून जावं लागतं. हा कार्यक्रम तिघांनी मिळून केला, बहुतेक बिअर प्यायला.

रात्री जेवणानंतर मला खुर्चीवर उभं केलं. सासरेबुवांनी कात्री आणली. ज्याचा बार चुकतो त्याच्या शर्टाची मागची कड कापायची, ही इथल्या कॅम्पांची जुनी रीत. मी त्या दिवशी घातला होता तो कुडाळच्या टेलरने शिवलेला चौकड्याचा शर्ट, जुना आणि उबदार म्हणून. आधी खटला चालला. अंतर किती? साठ. हरीण उभं होतं की पळत? उभं. सबब? काच धुरकटली. "नामंजूर!" सगळे एकदम ओरडले. कापडावर मार्करने तारीख लिहिली, खाली 'ओक, १' असं लिहिलं आणि पायजम्याच्या चिरगुटाशेजारी ठोकलं. पायजमा सासरेबुवांचा निघाला. १९७९, पहाटे कपडे न बदलताच गेले होते.

रविवारी मी परत बसलो, काही दिसलं नाही. सोमवारी दुपारी हाका घातला, तिथे त्याला 'ड्राइव्ह' म्हणतात. चौघांनी रेषा धरून काटेरी झुडपांतून जायचं, दोघांनी पुढे दबा धरायचा. मी हाकाऱ्यांत. हरणं आमच्या रेषेतूनच मागे फुटली. इतका दमलो होतो की त्या रात्री भांडी दुसऱ्याने घासली. वहीत तशी नोंद आहे, वर्ष आणि तक्रारीसकट.

कॅम्पचा खर्च माणशी ८० डॉलर. पेट्रोल वेगळं.

आणि मग वाट बघणं. तिन्ही हरणांची मुंडकी, थोडी मान ठेवून, तपासणीच्या पेटीत टाकली होती. तपासणी फुकट असते, चिठ्ठीवरचा नंबर जपून ठेवायचा. पूर्वी सगळं मांस एकत्र करून सॉसेज व्हायचं आणि सारखे वाटे पडायचे. आता खाटकाला बजावून सांगावं लागतं की प्रत्येक हरीण वेगळं ठेव, वेगळ्या नावाने बांध. निकाल येईपर्यंत कुणी पाकीट फोडायचं नाही. तुम्ही कुणाकडून हरणाचं मांस घेत असाल तर तपासणी झाली का, आणि एकाच हरणाचं आहे का, हे जरूर विचारा. कुणी वाईट मानत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आले. दोन माद्या ठीक. आठ टोकांचा नर बाधित. मेहुण्याने सगळं मांस टाकून दिलं, शिंगं तेवढी ठेवली. ग्रुपवर त्याने फक्त निकालाचा फोटो टाकला, खाली कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी सासरेबुवांचा मेसेज आला, दोन माद्यांचे नऊ वाटे.

माझा वाटा साडेचार किलो निघाला, खाटकाचे माझ्या हिश्श्याचे ३० डॉलर. कागदात गुंडाळलेली पाकिटं, वर 'मादी २' असा शिक्का. हरणाच्या मांसात चरबी फार कमी असते, म्हणून मंद आचेवर दोन तास ठेवलं, भाजलेलं खोबरं आणि आईने पाठवलेला मसाला. बायकोने एक वाटी रस्सा प्यायला आणि दुसरी मागितली.

आईला फोन केला. ती हरणाबद्दल काही बोलली नाही. थोडा वेळ गेल्यावर म्हणाली, "वाटो गावलो?"

"साडेचार किलो."

"बार चुकलो तरीय?"

"चुकलो तरी."